दुखणे शेतकऱ्यांचे, झेंडा चांदीचा : १८९६ ची अमेरिकी निवडणूक आणि चलनाचा वाद

एका वाचकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. १८९६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन याने चांदीच्या नाण्यांसारख्या रुक्ष विषयावर सारी मोहीम कशी उभी केली, त्यामागची शेतकऱ्यांची मागणी अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकणारी होती का, आणि एवढी लाट दिसत असताना तो हरला कसा. चलनाचा इतिहास वर्षानुवर्षे शिकवत आल्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. शेतकऱ्यांनी आपल्या दुखण्याचे केलेले निदान बरेचसे बरोबर होते, त्यांच्याजवळ उपायांचा चांगला विचार केलेला एक कार्यक्रमही होता. परंतु त्या कार्यक्रमातला सर्वांत लेचापेचा भाग म्हणजे चांदी, आणि नेमकी तीच निवडणुकीचा एकमेव मुद्दा होऊन बसली. हे कसे घडले ते समजले की उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

आधी दुखणे काय होते ते पाहू. १८७५ ते १८९६ या काळात अमेरिकेतील सर्वसाधारण भावपातळी दरवर्षी सरासरी पावणेदोन टक्क्यांनी घसरत होती. आकडा लहान वाटतो, पण वीस वर्षांत त्याचा परिणाम फार मोठा होतो, आणि शेतमालाच्या बाबतीत तर घसरण त्याहून तीव्र होती. १८८० च्या दशकाच्या आरंभी बुशेलला (धान्याचे एक अमेरिकी माप) एक डॉलरहून अधिक भाव असलेला गहू १८९४ मध्ये पन्नास सेंटच्या आसपास आला होता आणि कापूस पौंडाला पाच सेंटच्या खाली गेला होता. कॅन्ससमधील एखाद्या शेतकऱ्याने शेत गहाण ठेवून आठ टक्क्यांनी एक हजार डॉलर काढले असे समजा. गहू डॉलरला बुशेल होता तेव्हा वर्षाचे व्याज भागवायला ८० बुशेल गहू लागत असे. एकरी तेरा-चौदा बुशेल उतारा धरला तर सुमारे सहा एकरांचे पीक सावकाराकडे जाई. भाव निम्म्यावर आला की त्याच व्याजासाठी १६० बुशेल, म्हणजे बारा एकरांचे पीक द्यावे लागे, आणि मुद्दल जिथल्या तिथेच राही. कागदावरचे कर्ज तेवढेच होते, शेतावरचे मात्र दुप्पट झाले होते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. शेतकरी विकत घेत असे त्या वस्तूही स्वस्त झाल्या होत्या, रेल्वेचे दर उतरले होते, आणि पश्चिमेकडील गहाणखते बहुधा चार-पाच वर्षांच्या मुदतीची असल्यामुळे ती बदलताना व्याजाचा दरही कमी होऊ शकत असे. हे सगळे खरे आहे. म्हणूनच आयोवा किंवा विस्कॉन्सिनमधील, दूधदुभते आणि डुकरे पाळणारा, जवळच्या बाजारपेठेला माल पुरवणारा शेतकरी एवढा पेटून उठला नाही. पेटला तो कॅन्सस, नेब्रास्का आणि डाकोटामधील एकपिकी, पावसाच्या लहरीवर अवलंबून असलेल्या आणि भरभराटीच्या काळात चढ्या भावाने जमिनी घेतलेल्या वसाहतीतला गहूवाला. त्याच्याबरोबरच पेटला दक्षिणेकडील कापूसवाला. दक्षिणेत तर बँकाच विरळ होत्या. पेरणीपासून काढणीपर्यंतचे खाणेपिणे, बियाणे आणि खत गावच्या दुकानदाराकडून उधारीवर यायचे, त्यासाठी उभे पीक लिहून द्यायचे, आणि रोखीचा भाव व उधारीचा भाव यांतला फरक धरला तर व्याज दरसाल चाळीस-पन्नास टक्क्यांवर जायचे. ज्याचे पीक लिहून घेतले आहे त्याला दुसऱ्या दुकानात उधारी मिळत नसे आणि कापसाखेरीज दुसरे काही पेरण्याची मुभाही बहुधा नसे. हे वर्णन वाचताना आपल्याकडच्या वाचकाला फारसे समजावून सांगावे लागत नाही.

भाव का घसरत होते? जगभर उत्पादन वाढत होते हे एक कारण, पण पैशाचा पुरवठा त्या मानाने वाढत नव्हता हे त्याच्या बरोबरीचे कारण. यादवी युद्धाच्या काळात, १८६२ पासून, सरकारने ग्रीनबॅक नावाच्या कागदी नोटा काढल्या होत्या, त्यांच्या बदल्यात सोने मिळत नसे. युद्धानंतर त्या सोन्याशी पुन्हा जोडण्याचे धोरण ठरले, १८७५ मध्ये तसा कायदा झाला आणि १ जानेवारी १८७९ पासून तो अमलात आला. युद्धकाळात फुगलेले भाव युद्धापूर्वीच्या पातळीवर आणल्याशिवाय हे शक्य नव्हते, म्हणजे स्वस्त डॉलरांत काढलेले कर्ज महाग डॉलरांत फेडणे कर्जदारांच्या नशिबी आले. याच धोरणाविरुद्ध ग्रीनबॅक पक्ष उभा राहिला. त्याने १८७६ मध्ये पीटर कूपर, १८८० मध्ये आयोवाचा जेम्स वीव्हर आणि १८८४ मध्ये बेंजामिन बटलर यांना अध्यक्षपदासाठी उभे केले. मते थोडी पडली, परंतु पैसा किती असावा हे धातूच्या खाणींनी ठरवावे की लोकांच्या सरकारने, हा प्रश्न या मंडळींनी राजकारणात आणला. चांदीच्या गोंगाटात पुढे हाच प्रश्न हरवला, याचे मला नेहमी वाईट वाटते.

चांदीची कथा १८७३ पासून सुरू होते. जुन्या कायद्यानुसार कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि हवे तितके डॉलर पाडून घ्यावेत अशी मुभा होती. चांदीच्या डॉलरात ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी असे, सोन्याच्या डॉलरात २३.२२ ग्रेन शुद्ध सोने, म्हणजे प्रमाण जवळजवळ सोळास एक. परंतु युरोपात चांदीला याहून थोडा अधिक भाव मिळत असल्याने कित्येक वर्षे कोणी टांकसाळीत चांदी नेतच नव्हते, आणि १८७३ च्या टंकन, म्हणजे नाणी पाडण्याविषयीच्या, कायद्याने प्रमाणित चांदीचा डॉलर यादीतून वगळला तेव्हा फारशी ओरडही झाली नाही. त्याच सुमारास जर्मनी सोन्याकडे वळला, फ्रान्स आणि त्याच्या साथीदार देशांनी चांदीच्या टंकनाला आवर घातला, नेवाडातील खाणींतून चांदीचा ओघ सुरू झाला आणि चांदीचा भाव कोसळला. आता चांदी टांकसाळीत नेणे फायद्याचे ठरले असते, तर दरवाजा बंद होता. मग हा कायदा म्हणजे ‘१८७३ चा गुन्हा’ अशी घोषणा निघाली, आणि लंडनच्या पेढ्यांनी लाच चारून तो करवून घेतला अशी कथाही पसरली. लाचेच्या कथेला पुरावा नाही. मात्र कायद्याचा मसुदा तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांना चांदी उतरणार याचा अंदाज होता आणि त्यांना सुवर्णप्रमाणच, म्हणजे केवळ सोन्याशी बांधलेले चलनच, हवे होते, हेही तितकेच खरे आहे. या लाचकथेतून पुढे ज्यू पेढीवाल्यांविषयीचा जो विखार पॉप्युलिस्टांच्या, म्हणजे शेतकरी चळवळीतून निघालेल्या पक्षाच्या, भाषणांत शिरला तो त्या चळवळीवरचा खरा डाग आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही.

यानंतरची वीस वर्षे तडजोडीची होती. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने सरकारने दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन नाणी पाडावीत असे ठरले. अध्यक्ष हेज यांचा नकाराधिकार झुगारून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तो मंजूर केला. पुढे १८९६ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून सोन्याचा उमेदवार म्हणून निवडून आलेला विल्यम मॅकिन्ली तेव्हा प्रतिनिधिगृहात होता आणि त्याने चांदीच्या बाजूने मत दिले होते, ही गोष्ट १८९६ मध्ये ब्रायनच्या लोकांनी पुन्हा पुन्हा उकरून काढली. १८९० च्या शर्मन कायद्याने खरेदी दरमहा ४५ लाख औंसांवर नेली आणि तिच्यासाठी नव्या नोटा काढल्या. या नोटा सोन्यातही वठवता येत असल्यामुळे लोक नोटा देऊन सोने नेऊ लागले आणि खजिन्यातले सोने आटू लागले.

आता त्या कार्यक्रमाकडे वळतो. तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. टेक्सासमध्ये उगम पावलेल्या शेतकरी आघाडीने, म्हणजे फार्मर्स अलायन्सने, आधी सहकाराचा मार्ग धरला. एकत्र खरेदी, एकत्र विक्री आणि स्वतःची कापूस विनिमय संस्था असे प्रयोग झाले, आणि बँकांनी कर्ज नाकारल्यामुळे ते बुडाले. या अनुभवातून चार्ल्स मॅक्यून याने उपखजिना योजना मांडली. शेतमालाच्या मोठ्या बाजारपेठांत सरकारने गोदामे बांधावीत, शेतकऱ्याने काढणीनंतर माल तेथे ठेवावा, मालाच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम नव्या कायदेशीर नोटांच्या रूपाने नाममात्र व्याजाने उचलावी आणि भाव चढल्यावर माल विकून कर्ज फेडावे. काढणीच्या महिन्यात सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि नेमका तेव्हाच पैसा दुर्मीळ होतो, म्हणून भाव पडतात. मॅक्यूनच्या योजनेत पीक आले की चलन वाढणार आणि पीक विकले की चलन आपोआप आटणार होते. म्हणजे सावकाराला वळसा आणि लवचीक चलन, दोन्ही एका फटक्यात. योजनेत उणिवा होत्या, विशेषतः भाव वर्षभरात चढलेच नाहीत तर काय याचे समाधानकारक उत्तर तिच्यात नव्हते. तरीही शेतीच्या व्यवहारातला नेमका सल तिने ओळखला होता.

४ जुलै १८९२ रोजी नेब्रास्कातील ओमाहा येथे पीपल्स पार्टीने, म्हणजे पॉप्युलिस्टांनी, जो जाहीरनामा मंजूर केला त्यात ही योजना होती. त्याशिवाय दरडोई किमान ५० डॉलर चलन, चढत्या दराचा प्राप्तिकर, टपाल बचत बँका, रेल्वे, तार व टेलिफोनची सरकारी मालकी आणि सोळास एक प्रमाणात चांदीचे मुक्त टंकन या मागण्या होत्या. चांदी त्यांतली एक. जेम्स वीव्हर पुन्हा उमेदवार झाला, त्याला दहा लाखांहून अधिक मते आणि २२ निर्वाचक मते (अध्यक्ष प्रत्यक्षात ज्यांवर निवडला जातो ती राज्यवार मते) मिळाली, कोलोरॅडो, कॅन्सस, आयडाहो आणि नेवाडा त्याने जिंकली. कॅन्ससमध्ये मेरी एलिझाबेथ लीज यांच्यासारख्या स्त्रिया, ज्यांना अध्यक्षपदासाठी मतदानाचा हक्कही नव्हता, हजारोंच्या सभा गाजवत होत्या. जॉर्जियात टॉम वॉटसन गोऱ्या आणि काळ्या कुळांना सांगत होता की तुम्हाला एकमेकांपासून वेगळे ठेवले जाते ते दोघांनाही वेगवेगळे लुटता यावे म्हणून. त्याला त्याच्या मतदारसंघात उघड मतचोरी करून हरवण्यात आले, आणि ती करणारे लोक डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. (पुढे हाच वॉटसन कट्टर वंशद्वेष्टा झाला. त्या चळवळीच्या पराभवाने माणसांचे काय केले याचे हे अत्यंत दुःखद उदाहरण आहे.)

१८९३ मध्ये मंदी आली आणि तिच्यातल्या एका घटनेचा मुंबईशी थेट संबंध आहे. रुपया चांदीचा असल्याने चांदीबरोबर त्याची हुंडणावळ, म्हणजे परकीय चलनातला दर, घसरत गेली होती. १८७० च्या दशकाच्या आरंभी दोन शिलिंगांच्या जवळ असलेला रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला, आणि लंडनला सोन्यात पाठवायच्या ‘होम चार्जेस’चा बोजा सरकारला झेपेना. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. चांदीचे जगातले एक फार मोठे गिऱ्हाईक एका दिवसात बाजूला झाले. न्यूयॉर्कमध्ये चांदीचा भाव धाडकन कोसळला, कोलोरॅडोतील खाणी पटापट बंद पडल्या, आणि चारच दिवसांनी, ३० जूनला, अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी शर्मन कायदा रद्द करण्यासाठी काँग्रेसचे खास अधिवेशन बोलावले. १ नोव्हेंबरला तो कायदा रद्द झाला. तरीही सोन्याची गळती थांबली नाही, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत क्लीव्हलँड यांना मॉर्गन आणि रॉथशिल्ड यांच्या गटाकडून रोखे देऊन सुमारे साडेसहा कोटी डॉलरचे सोने घ्यावे लागले. या व्यवहाराने खजिना वाचला, पण डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगला. बेकारांचा मोर्चा घेऊन १८९४ मध्ये ओहायोहून वॉशिंग्टनला पायी गेलेल्या जेकब कॉक्सीला संसद भवनासमोरच्या हिरवळीवर पाय ठेवल्याबद्दल अटक करणारे सरकार सावकारांना मात्र हात जोडते, असा लोकांचा समज झाला, आणि तो अगदी निराधार नव्हता.

आता कळीचा प्रश्न. एवढ्या मागण्यांतून चांदीच का वर आली? याची दोन कारणे मला ठळक दिसतात. चांदीच्या खाणमालकांजवळ पैसा होता, आणि प्रचारपुस्तिका, परिषदा व वक्ते यांवर तो त्यांनी सढळ हाताने खर्च केला. उपखजिना योजनेला असा कोणी धनी नव्हता. दुसरे म्हणजे ‘सोळास एक’ ही घोषणा कोणालाही पाठ होत असे, तर मॅक्यूनची योजना समजायला एक संध्याकाळ लागे. पॉप्युलिस्ट पक्षाचा अध्यक्ष हर्मन टॉबेनेक आणि स्वतः वीव्हर यांना वाटले की बाकी मागण्या बाजूला ठेवून केवळ चांदीवर लढलो तर दोन्ही मोठ्या पक्षांतले असंतुष्ट आपल्याकडे येतील. म्हणून त्यांनी आपले अधिवेशन इतर दोघांच्या नंतर ठेवले. दोन्ही पक्ष सोन्याचे उमेदवार देणार हे त्यांनी गृहीत धरले होते. रिपब्लिकनांनी जूनमध्ये सेंट लुईसला तसेच केले आणि कोलोरॅडोचा सिनेटर हेन्री टेलर सभात्याग करून गेला. पण डेमोक्रॅटांनी शिकागोत डाव उलटवला.

९ जुलै १८९६ रोजी शिकागोच्या कलिसियममध्ये काय घडले ते जरा थांबून पाहण्यासारखे आहे. चांदीच्या ठरावावर वाद चालू होता. दक्षिण कॅरोलायनाचा टिलमन चांदीच्या बाजूने बोलला, पण त्याने प्रांतीय तेढच वाढवली. न्यूयॉर्कचा सिनेटर हिल सोन्याच्या बाजूने बोलला. शेवटचे भाषण ब्रायनचे होते. वय ३६, हाती कोणतेही पद नाही, पण ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात विशाल सभागृहाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा स्वच्छ आवाज. मजुरीवर काम करणारा, खेड्यातला वकील, चौरस्त्यावरचा दुकानदार आणि शेतकरी हेही व्यापारीच आहेत, असे म्हणून त्याने ‘व्यापारी वर्ग’ या शब्दावरची शहरी मालकी काढून घेतली. तुमची शहरे जाळा आणि आमची शेते राहू द्या, शहरे पुन्हा उगवतील; आमची शेते उद्ध्वस्त करा, तर देशातल्या प्रत्येक शहराच्या रस्त्यावर गवत उगवेल, असे तो म्हणाला. शेवटी मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू देणार नाही हे वाक्य उच्चारताना त्याने दोन्ही बाहू पसरले आणि क्षणभर तसाच उभा राहिला. सभागृह आधी स्तब्ध झाले, मग उसळले. हे सारे उत्स्फूर्त होते असे मानले जाते, परंतु क्रुसाची प्रतिमा त्याने १८९४ मध्येच प्रतिनिधिगृहात वापरली होती आणि पुढचे वर्ष-दीड वर्ष गावोगाव भाषणे देत ती घासूनपुसून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी पाचव्या फेरीत त्याला उमेदवारी मिळाली. उपाध्यक्षपदासाठी मेन राज्यातील जहाजबांधणी करणारा आणि बँकेचा अध्यक्ष असलेला आर्थर सूअल याची निवड झाली.

पॉप्युलिस्टांची यामुळे पुरती कोंडी झाली. ब्रायनला उमेदवारी द्यावी तर पक्ष विरघळणार, न द्यावी तर चांदीची मते फुटून मॅकिन्ली जिंकणार. पश्चिमेकडच्यांना ब्रायन चालत होता, पण दक्षिणेकडच्यांना ज्यांनी आपली मते लुटली त्यांच्याच गळ्यात गळा घालायला सांगितले जात होते. जुलैअखेर सेंट लुईसला त्यांनी आधी टॉम वॉटसनला उपाध्यक्षपदाची आणि मग ब्रायनला अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. सूअल माघार घेईना, त्यामुळे एका उमेदवाराला दोन उपाध्यक्ष अशी विचित्र अवस्था झाली. सुधारक पत्रकार हेन्री डेमारेस्ट लॉइड याने त्या वेळी चांदीला काउबर्ड पक्ष्याची उपमा दिली. दुसऱ्यांनी कष्टाने बांधलेल्या घरट्यात हा पक्षी आपली अंडी घालतो आणि तिथली मूळ अंडी खाली पडून फुटतात, असे तो म्हणाला. त्या चळवळीचे एवढे नेमके निदान दुसऱ्या कोणी केलेले मला माहीत नाही.

मागणीच्या अर्थशास्त्राबद्दल आता स्पष्ट बोलतो. १८९६ मध्ये बाजारात औंसभर चांदी सुमारे ६८ सेंटला मिळत होती, म्हणजे सोने-चांदीचे प्रत्यक्ष प्रमाण तीसास एकच्या घरात होते. सोळास एक दराने टांकसाळी उघडल्या असत्या तर त्याच औंसाचे १ डॉलर २९ सेंट झाले असते. एका डॉलरातल्या चांदीची बाजारातली किंमत अवघी ५३ सेंट होती, आणि ‘५३ सेंटचा डॉलर’ ही रिपब्लिकनांची घोषणा त्यातूनच आली. खाणमालकांना यात सरळ दुप्पट भाव मिळत होता. शेतकऱ्याला मिळणारा लाभ मात्र आडवळणाचा होता. अमेरिका एकटीने चांदीचा भाव जगभर उचलू शकली नसती, सोने देशाबाहेर गेले असते किंवा तिजोऱ्यांत दडले असते, आणि देश चांदीप्रमाणावर येऊन डॉलर घसरला असता. भाव चढले असते, कर्जे हलकी झाली असती हे खरे. पण मंदीच्या गर्तेत बँका आधीच डळमळत असताना हा बदल धक्क्यासह आला असता, आणि अनेक करारांत ‘सोन्यातच फेड’ हे कलम असल्यामुळे ज्यांच्यासाठी हे करायचे त्यांतल्या काहींना त्याचा उपयोगच झाला नसता. १८७३ मध्ये चांदीचा दरवाजा उघडा राहिला असता तर अमेरिकेतील भावपातळी अधिक स्थिर राहिली असती, हे मत विसाव्या शतकातल्या मातब्बर चलनतज्ज्ञांनी मांडले आहे आणि मला ते पटते. १८९६ पर्यंत मात्र फार उशीर झाला होता. सोन्याचे ‘भक्कम नाणे’ म्हणजे नैतिकता आणि चांदी म्हणजे लबाडी, ही त्या वेळच्या शहरी वर्तमानपत्रांची मांडणीही तितकीच चुकीची होती. वीस वर्षे वाढत गेलेला डॉलर धनकोला जे देत होता तेही कमावलेले नव्हते.

ब्रायन हरला याचे मूळ इथेच आहे. कारखान्यातल्या कामगाराला कर्जापेक्षा मजुरी महत्त्वाची होती. भाव चढले तर भाकरी आज महागेल आणि पगार कधी वाढेल ते मालक ठरवील, हे त्याला कळत होते. ओमाहाच्या जाहीरनाम्यात कामगारासाठी काहीतरी होते, चांदीत काही नव्हते. त्यात मंदी डेमोक्रॅट क्लीव्हलँडच्या कारकिर्दीत आलेली, आणि मॅकिन्ली जकातीच्या संरक्षणाने काम देण्याचे आश्वासन देत होता. मालकांनी दबावही आणला, ब्रायन जिंकला तर मतदानानंतरच्या बुधवारी कामावर येऊ नका असे सांगितल्याच्या तक्रारी अनेक शहरांतून आल्या. मात्र केवळ दबावाने एवढी मते फिरत नाहीत. ब्रायनची भाषा बायबलची, ग्रामीण प्रॉटेस्टंट माणसाच्या काळजाला भिडणारी होती; शहरांतील कॅथलिक आणि जर्मन कामगारांना ती परकी वाटली. १२ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, आपण माथेफिरू नाही हे दाखवण्यासाठी, त्याने असह्य उकाड्यात लांबलचक लेखी भाषण वाचून दाखवले आणि लोक मधूनच उठून गेले. पूर्वेची मने जिंकण्याची संधी तिथेच गेली.

पैशाची विषमता तर प्रचंड होती. मॅकिन्लीचा प्रचारप्रमुख मार्क हॅना याने रिपब्लिकन पक्षासाठी सुमारे ३५ लाख डॉलर जमवले, त्यांत स्टँडर्ड ऑइल आणि मॉर्गन यांचे प्रत्येकी अडीच लाख होते. ब्रायनकडे याच्या दशांशाच्या आसपास निधी होता. सात कोटी लोकसंख्येच्या देशात रिपब्लिकनांनी वीस कोटींहून अधिक पत्रके, तीही अनेक भाषांत छापून वाटली. मॅकिन्ली ओहायोतील कँटन येथे आपल्या घराच्या ओसरीवरच बसून राहिला आणि रेल्वेच्या सवलतीच्या तिकिटांवर सुमारे साडेसात लाख लोक त्याच्याकडे येऊन गेले. ब्रायनने रेल्वेने १८,००० मैल प्रवास करून सहाशेच्या आसपास भाषणे दिली. याच शरद ऋतूत गव्हाचे भाव चढले. त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे पाऊस न झाल्याने हिंदुस्थानातले पीक बुडाले होते, आणि दुष्काळ आपल्या दख्खनसह अनेक प्रांतांत पसरू लागला होता. चांदी उतरली की गहू उतरतो, हे ब्रायनचे सूत्र ऐन मतदानाच्या तोंडावर खोटे ठरताना आयोवा आणि मिनेसोटातल्या शेतकऱ्याने पाहिले.

निकालात मॅकिन्लीला ७१ लाख मते आणि २७१ निर्वाचक मते मिळाली, ब्रायनला ६५ लाख आणि १७६. ब्रायनची मते त्याआधीच्या कोणत्याही विजयी अध्यक्षाहून अधिक होती, तरी ईशान्येकडील आणि मध्य-पश्चिमेकडील एकही औद्योगिक राज्य त्याच्या हाती लागले नाही, आणि वीव्हरचे स्वतःचे आयोवाही गेले. पॉप्युलिस्ट पक्ष यातून पुन्हा सावरला नाही. उत्तर कॅरोलायनात रिपब्लिकनांशी युती करून तो काही काळ टिकला, पण १८९८ मध्ये विल्मिंग्टनला गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी शस्त्रबळाने शहराचा कारभारच उलथून टाकला, काळ्या नागरिकांची हत्या केली, आणि तोही अध्याय संपला.

मॅकिन्लीच्या जाहीरनाम्यात आंतरराष्ट्रीय करार झाला तर चांदी स्वीकारू असे एक वाक्य होते. त्यानुसार १८९७ मध्ये कोलोरॅडोचा सिनेटर एडवर्ड वोलकॉट शिष्टमंडळ घेऊन पॅरिस आणि लंडनला गेला. फ्रान्स अनुकूल होता. ब्रिटनने हिंदुस्थानच्या टांकसाळी पुन्हा उघडाव्यात अशी मागणी होती, ती सिमल्याला विचारली गेली, आणि हिंदुस्थान सरकारने सप्टेंबरमध्ये साफ नकार कळवला. चांदीचा आंतरराष्ट्रीय मार्ग असा बंद झाला. तोवर दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडचे सोने, सायनाइड वापरून हलक्या प्रतीच्या खनिजातूनही सोने काढण्याची नवी पद्धत आणि पुढे कॅनडातील क्लोंडाइकचे सोने यांमुळे सोन्याचाच पुरवठा वाढला, भाव चढू लागले, आणि शेतकऱ्यांना हवे होते ते चांदीशिवायच घडले. १९०० मध्ये सुवर्णप्रमाणाचा कायदा झाला. त्याच वर्षी ब्रायन चांदी घेऊनच पुन्हा लढला आणि आधीपेक्षा अधिक फरकाने, २९२ विरुद्ध १५५ निर्वाचक मतांनी, हरला.

ओमाहाच्या इतर मागण्यांचे आयुष्य मात्र लांब निघाले. टपाल बचत बँका १९१० च्या कायद्याने आल्या, प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक १९१३ च्या घटनादुरुस्त्यांनी आली, ऋतुमानानुसार लवचीक असे चलन त्याच वर्षीच्या फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) कायद्याने आले, जरी त्याचा कारभार पॉप्युलिस्टांच्या कल्पनेप्रमाणे लोकांच्या हाती न जाता बराचसा बँकांच्या हाती राहिला. आणि १९३३ मध्ये, महामंदीच्या काळात, कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने शेतकऱ्यांना साठवलेल्या कापसावर आणि मक्यावर सरकारी कर्ज द्यायला सुरुवात केली. मॅक्यूनच्या योजनेत याचे उत्तर नव्हते, पण येथे भाव न चढल्यास माल सरकारकडे सोडून शेतकऱ्याने कर्जातून मोकळे व्हावे अशी तरतूदही ठेवली होती.